बिनधुराच्या गजराक्का

"चूल म्हटली की धूर आलाच," असं म्हणणाऱ्या माणसाशी गजराक्का दुसरं वाक्य बोलत नसत. समोर सख्खी नणंद असो नाहीतर बड्या हॉटेलचा मालक, त्या उठायच्या, पदर खोचायच्या आणि चालू लागायच्या. मागून कुणी हाक मारलीच तर वळून एवढंच म्हणायच्या, "धूर चुलीचा नसतो, चुकीचा असतो. चूक कुणाची ते आधी ठरवा, मग मला बोलवा."

मी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. पुण्यात सेक्रेटरी म्हणजे ज्याला येता-जाता कुणीही काहीही सुनवावं आणि ज्यानं ते मुकाट्यानं लिहून घ्यावं, असा माणूस. त्याआधी एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. गरम हवा वर जाते, हे दरवर्षी फळ्यावर बाण काढून मुलांना दाखवलं. मला स्वतःला ते नीट कळलं निवृत्तीनंतर, आमच्या इमारतीच्या मागच्या पट्टीत एका विटेवर बसून. शिकवणाऱ्या बाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या.

आमची इमारत उभी आहे ती जमीन गजराक्कांच्या घरची. गाव शहरात आलं, शेतात बिल्डर आला, आणि आक्कांच्या वाट्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आला. धाकटे दीर, पुतणे सगळे गाड्या घेऊन बाणेर-बावधनला पांगले. आक्का मात्र इथेच राहिल्या, कारण जमीन देताना त्यांनी बिल्डरला एक अट घातली होती. मागच्या दाराबाहेरची दहा फुटांची पट्टी आणि तिथली चूल त्यांच्या हयातीत त्यांचीच राहील. बिल्डर हसला होता म्हणे. करारनाम्यात त्यानं ती ओळ घातली, आणि आक्कांनी तो कागद लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवून दिला.

त्या पट्टीत पत्र्याचं छप्पर, त्याखाली मातीची चूल, शेजारी तिच्याच आचेवर चालणारा छोटा वैल, आणि भिंतीपासून हातभर सुटं, विटांचं धुराडं. ते त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. वर चार विटांवर शहाबादी फरशी, म्हणजे पावसाचं पाणी आत येऊ नये आणि चारी बाजूंनी हवा खेळावी. धुराड्याचं हे तोंड नेमकं पहिल्या मजल्यावरच्या बापटांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर यायचं. पुढची सगळी कथा या 'नेमकं'मधून निघाली.

आक्का उंचीला बेताच्या, रंगानं सावळ्या, आणि आवाजानं तिसऱ्या मजल्यापर्यंत. नऊवारी लुगडं आणि त्यावर बारा महिने पुरुषी स्वेटर. चष्म्याला नायलॉनची दोरी. त्यांच्या पट्टीत लाकडं रचलेली असायची, पण कशीही नाही. एका टोकाला यंदाची, दुसऱ्या टोकाला गेल्या वर्षीची, मध्ये खडूची रेघ. ज्या लाकडानं पुरा एक उन्हाळा खाल्लेला नाही, ते चुलीत जात नसे. पालिकेची माणसं रस्त्यावरच्या फांद्या छाटायला आली की आक्का त्यांच्यामागे उभ्या, आणि कुठली फांदी बाभळीची, कुठली गुलमोहराची, हे त्या माणसांना सांगत. कुणी नव्या फर्निचरचं उरलेलं प्लायवूड प्रेमानं आणून दिलं तर ते परत जायचं. "ह्ये लाकूड न्हाई, डिंक हाय. ह्याचा धूर छातीत बसतो. तुमच्याच घरात ठेवा."

फुंकणी त्यांच्याकडे नव्हतीच. फुंकायची वेळ आली म्हणजे आधी काहीतरी चुकलेलं आहे, असं त्यांचं मत. राख पूर्ण काढायची नाही, दोन बोटं राहू द्यायची, पण तिचा ढीगही होऊ द्यायचा नाही. चुलीचं तोंड कोंबून भरायचं नाही. "तुमच्या तोंडात चार लाडू कोंबले तर श्वास घ्याल का?" आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूल चार दिवस बंद असेल तर पेटवण्याआधी धुराड्याच्या तळच्या झरोक्यात तळहात धरायचा. वारा हाताला लागून वर ओढला गेला तर रस्ता मोकळा. नाही गेला तर आधी वर जाऊन बघायचं. आणखी एक नियम होता, तो बायकांना सांगायच्या: "रागात असताना चूल पेटवू नये. रागात माणूस बघत न्हाई, नुसतं कोंबतं."

धुराशी त्यांचं हे वैर कुठून आलं, ते एकदाच बोलल्या. मी सहज विचारलं होतं. त्या भाकरी थापत होत्या, थापणं थांबलं नाही. "माझ्या आयचे डोळे धुरानं गेले, मास्तर. पन्नाशीत तिला सून दिसायची न्हाई, बांगड्यांच्या आवाजावरनं वळखायची. सगळे म्हणायचे, बायकांचं असंच असतं. असंच कसं असतं? धुराडं घालायला दोनशे इटा लागतात. दोनशे इटा न्हाई मिळाल्या त्या घरात, आणि बैलाच्या गोठ्याला हजार मिळाल्या." भाकरी तव्यावर पडली. तेव्हापासून आक्का बोलताना मी मध्ये बोलणं सोडलं.

त्यांची ख्याती सोसायटीबाहेर पसरली ती तिसऱ्या मजल्यावरच्या निखिलमुळे. हा मुलगा हिंजवडीत आयटीमध्ये. त्यानं मुळशीकडे छोटं फार्महाऊस बांधलं आणि त्यात काचेच्या दाराची परदेशी लोखंडी शेगडी बसवली. पहिल्याच हिवाळ्यात पाहुण्यांसकट सगळे डोळे चोळत अंगणात. निखिल आक्कांकडे आला. "आक्का, अ‍ॅक्च्युअली मॉडेल एकदम टॉप आहे, पण धूर सगळा रूममध्येच येतो. कंपनीवाला म्हणतो, प्रॉब्लेम तुमच्या साईडनं आहे."

"पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललंय," आक्का म्हणाल्या आणि आपल्या लाकडांचं एक पोतं घेऊन गाडीत बसल्या. मीही गेलो, कारण मला बघायचं होतं.

शेगडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आधी मागे जाऊन लाकडं पाहिली. निळ्या प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी घट्ट गुंडाळून ठेवलेली. आक्कांनी दोन लाकडं काढून एकमेकांवर आपटली. ढप्प असा आवाज आला. मग आपल्या पोत्यातली दोन आपटली, ती खणखणली. "ऐकलं? ह्ये गेल्या महिन्यात तोडलंय आणि तू त्याला रेनकोट घातलास. आतल्या आत घाम फुटलाय त्याला. वरनं झाक, बाजूनं उघडं ठेव." आत आल्या तर खिडक्या सगळ्या अॅल्युमिनियमच्या, हवाबंद. ओट्यावरची विजेची चिमणी भर्रर्र चालू. आक्कांनी कमरेवर हात ठेवले. "दोन धुराडी हायेत ह्या घरात. एक वर वढतंय, दुसरं ओट्याकडं वढतंय. धुरानं कुणाचं ऐकायचं?" त्यांनी ओट्यावरची चिमणी बंद करायला लावली, एक खिडकी दोन बोटं उघडली. मग वर्तमानपत्राचा बोळा पेटवून शेगडीच्या नळाच्या तोंडाशी धरला. "नळ गार हाय. गार नळातनं धूर चढत न्हाई, खाली बसतो. आधी त्याला ऊब दे." बोळ्याची ज्योत एकदम वर ओढली गेली. अर्ध्या तासात काचेवरची काजळीसुद्धा जळून गेली आणि आतली ज्योत स्वच्छ दिसायला लागली.

निखिल म्हणाला, "आक्का, मी चार तास व्हिडिओ बघितले होते यार."

"व्हिडिओतला धूर डोळ्यात जात न्हाई ना. म्हणून कळलं न्हाई," आक्का म्हणाल्या, आणि परतताना पोत्यात उरलेली दोन लाकडं मोजून परत घेतली.

त्यानंतर हॉटेलवाले यायला लागले. पुण्याच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, 'चुलीवरचं' अशी पाटी नसलेलं हॉटेल सापडणार नाही. सिंहगडाच्या बाजूच्या अशाच एका हॉटेलातले आचारी खोकून बेजार झाले होते. आक्का गेल्या. तिथलं पातेलं एवढं रुंद की चुलीचं तोंड पुरतं झाकून बसलेलं. धुराला निघायला फटच नाही. भांडं टेकायचे तिन्ही उंचवटे त्यांनी बोटभर वाढवले, धुराडं भिंतीच्या वर काढायला सांगितलं, कारण ते भिंतीपेक्षा ठेंगणं होतं आणि वारा भिंतीवर आपटून उलटा आत शिरत होता. दुसऱ्या दिवशी धूर बंद. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन. "आक्का, काम एक नंबर झालं, पण आता काहीच दिसत नाही हो. गिऱ्हाईक फोटो काढतं. थोडासा धूर ठेवा ना, फील येतो."

आक्कांनी फोन माझ्या हातात दिला होता, स्पीकरवर. त्या लांबूनच म्हणाल्या, "त्याला सांगा, डोळ्यात पाणी पायजे असंल तर गिऱ्हाइकाला कांदा चिरायला बसव. माझ्या आयचा फील इकायचा न्हाई." मी पहिला भाग सांगितला. दुसरा त्यानं स्वतःच ऐकला असावा, कारण फोन कट झाला.

आता बापटांबद्दल. कारखान्यातून निवृत्त झालेला हा सरळ, कडक माणूस. त्यांना दमा होता, हे खरं. श्वास लागला की त्यांचा चेहरा बघवत नसे. त्यांना धूर हा शब्दसुद्धा सहन होत नव्हता, आणि खिडकीसमोर धुराडं. त्यांनी ती खिडकी कायमची लावून कडेनं चिकटपट्टी मारली होती. आक्कांचं धुराडं पेटताना चार-पाच मिनिटं फिकट धूर सोडायचं, मग काही नाही, फक्त हवा थरथरायची. पण बंद खिडकीमागे बसलेल्याला हे कोण सांगणार. बापटकाकू मात्र मऊ स्वभावाच्या. दुसऱ्या बाजूच्या बाल्कनीत रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकायच्या. त्या कबुतरांबद्दलही माझ्याकडे चार तक्रारी होत्या, पण त्या बापटांच्या नव्हत्या.

दिवाळी संपली, थंडी पडली, आणि बापटांचा अर्ज आला. चूल काढून टाकावी. खाली अकरा सह्या. या अकरातल्या सात घरांतल्या बायका दरवर्षी रथसप्तमीला बोळकी घेऊन आक्कांच्या पट्टीत जमायच्या. सूर्याला दूध उतू घालवायचं तर उघड्यावरचा विस्तव हवा, आणि सोसायटीत तो एकाच जागी होता. पण रथसप्तमी जानेवारीत आणि अर्ज नोव्हेंबरात, त्यामुळे तेव्हा कुणाला ते आठवलं नाही.

मी नोटीस लिहिली. दोन्ही बाजू राखायची मास्तरी सवय. शेवटी मी एक वाक्य घातलं: 'सभेचा निर्णय होईपर्यंत चूल पेटवू नये.' कुणी सांगितलं नव्हतं. मला ते समंजस वाटलं. आज इतक्या वर्षांनी सांगतो, माझ्या सहा वर्षांच्या कारकिर्दीतलं ते सगळ्यात वाईट वाक्य होतं.

नोटीस घेऊन गेलो तेव्हा आक्कांनी ती दोनदा वाचली. मी म्हणालो, "आक्का, तुमच्या पेटीत करारनामा आहे. मी तो सभेत वाचतो. विषय दोन मिनिटांत संपेल."

"तुम्ही वाचायचा न्हाई."

"का पण?"

"कागद दाखवला की लोक गप बसतील, पटणार न्हाई त्यांना. मागनं म्हणतील, म्हातारी धूर करते, पण कायद्यानं तिला हात लावता येत न्हाई. शेत गेलं, बांध गेले, विहीर तुमच्या पार्किंगखाली हाय. माझं म्हणावं असं एवढंच राह्यलंय, आणि ते मी मेहरबानीवर ठेवायचं? मी धूर करत न्हाई, म्हणून ती राहील. न्हाईतर जाईल." मग चुलीतला विस्तव त्यांनी स्वतः पाणी शिंपडून विझवला. नोटिशीत लिहिलंय ना, म्हणाल्या.

चोवीस दिवस चूल बंद होती. त्या चोवीस दिवसांत बापटांच्या माझ्याकडे धुराच्या दोन तक्रारी आल्या. मी शोधलं. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी रोज सकाळी वाळका पाला जाळत होतं.

सभा पार्किंगमध्ये झाली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी उठून सांगितलं की चूल बंद असतानाही तक्रारी आल्या आहेत, तर धूर दुसरीकडचा असावा. बापट म्हणाले, "सेक्रेटरी, चूल बंद आहे हे आपण कशावरून म्हणता? आपण पहाटे तिथे बसता का? ती लपून पेटवत असेल."

गजराक्का शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या त्या खुर्ची मागे ढकलूनच. "बापट, मी पंचावन्न वर्षं चूल पेटवली. लपून एकदाबी न्हाई. उद्या सकाळी आठ वाजता पेटवते. सगळ्यांनी या. पेटल्यावर पाच मिन्टं सोडा. त्याच्यानंतर धूर दिसला, तर ही चूल मी माझ्या हातानं फोडते. लिहा मास्तर."

मी लिहिलं. लिहिताना त्यांच्याकडे पाहिलं, पेटीतल्या कागदाची आठवण करून द्यायला. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

दुसऱ्या दिवशी आठला पट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. रविवार होता, सगळे चहा पिऊन आलेले. बापट तोंडाला रुमाल लावून दाराशी उभे. आक्का आल्या, त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. सरळ बसल्या, काटक्या मांडल्या, काडी ओढली. झरोक्यात तळहात धरला नाही. मला ते दिसलं, आणि मी बोललो नाही. त्यांना शिकवणारा मी कोण, असं वाटलं.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. धूर वर जायच्या ऐवजी चुलीच्या तोंडातून बाहेर लोळत आला, छपराखाली साठला आणि लोकांच्या अंगावर आला. कुणीतरी खोकलं. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. आक्कांचा चेहरा मी बघितला आणि मला माझीच लाज वाटली.

पण त्या घाबरल्या नाहीत. लाकूड उचलून दुसऱ्यावर आपटलं, खणखणलं. राख चाळवली, बेताचीच होती. मग कागदाचा बोळा पेटवून झरोक्यापाशी धरला. ज्योत वर गेली नाही, उलट त्यांच्या मनगटाकडे वळली. त्यांनी बोळा खाली टाकून पायानं विझवला. पाण्याचा तांब्या चुलीत रिकामा केला. "वर रस्ता बंद हाय," त्या म्हणाल्या. "बापट, तुमची खिडकी उघडा. धुराड्याचं तोंड तिथनंच दिसतं. काय दिसतंय ते सगळ्यांना सांगा. तुमच्यावर माझा इश्वास हाय."

बापट वर गेले. चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज खाली ऐकू आला. खिडकी उघडली, बापटांनी मान बाहेर काढून वाकून पाहिलं.

"काय आहे?" मी ओरडलो.

"घरटं आहे. कबुतराचं," बापट म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "दोन अंडी आहेत. आणि काड्यांत बरीच ज्वारी."

चालू चुलीच्या धुराड्यात कबुतर कधी घर करत नाही. चोवीस दिवस ती थंड राहिली, माझ्या त्या समंजस वाक्यामुळे. सगळे एकदम बोलायला लागले. यात आक्कांची काय चूक, घरटं काढा आणि पुन्हा पेटवा, हे धरायचं नाही. बापट वरूनच म्हणाले, "हो, हे धरता येणार नाही." कडक माणूस असला तरी खोटा नव्हता.

आक्कांनी हात वर केला. "अंड्यांना कुणी हात लावायचा न्हाई. आणि मी काय बोलले हुते? धूर दिसला तर. कशानं दिसला तर, असं न्हाई बोलले. काल मला राग आला हुता, आज राग घेऊनच पेटवायला बसले. हात लावून बघितला न्हाई. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं, तेच मी केलं न्हाई. चूक माझी हाय." आणि त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली.

मी पुढे झालो. "आक्का, कागद आहे तुमच्याकडे. माझं ऐका, मी वाचतो."

"सरा बाजूला, मास्तर."

तीन घाव पुरले. पंधरा वर्षं सारवून दगडासारखी झालेली माती, पण त्यांना तिची नस माहीत होती. कुणाला बघवलं नाही. बायका माना खाली घालून निघाल्या, पुरुष मोबाईल काढून निघाले. धुराड्याच्या विटेलाही त्यांनी पहार लागू दिली नव्हती. मी तिथेच उभा राहिलो, कारण निघून जाण्याचं तोंडही मला नव्हतं. आक्कांनी फुटकी माती घमेल्यात भरली, वर पाणी ओतलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी मी पट्टीत गेलो तर आक्का लुगडं खोचून माती तुडवत होत्या. जुनीच माती, त्यात राख, भुसा आणि कुठूनशी मिळवलेली घोड्याची लीद.

"हे काय, आक्का?"

"चूल घालतीया."

"अहो, पण काल..."

"काल काय? ही चूल फोडते म्हणलं, फोडली. सगळ्यांच्या समोर. दुसरी घालणार न्हाई, असं कधी म्हणलं? वही काढून वाचा, तुम्हीच लिहिलंय." त्या तुडवत राहिल्या. "बाईला एकदा चूक करायचा अधिकार हाय का न्हाई, मास्तर? शिक्षा भोगली मी. आता पुढचं काम."

मी वही काढली नाही. विटेवर बसलो आणि भुशाचं घमेलं पुढे सरकवलं.

नवी चूल तीन आठवड्यांत सावलीत वाळली. ओली पेटवली की तडकते, म्हणून रोज बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायच्या. चूल तयार झाली, पण वरची पिल्लं उडायला तयार नव्हती. आक्का थांबल्या. गॅसवर चहा करायच्या आणि तो आजारी माणसासारखा तोंड वाकडं करून प्यायच्या. कबुतरांची खबर रोज वरून मिळायची, आणि ती बापट द्यायचे. खिडकी उघडून मान बाहेर काढून सांगायचे, "आज एकानं पंख फडफडवले." आक्का खालून म्हणायच्या, "दुसऱ्याला सांगा आवरायला. रथसप्तमी आली."

दुसरं पिल्लू रथसप्तमीच्या चार दिवस आधी उडालं. बापटांच्याच खिडकीतून काठीनं मी घरटं काढलं, आणि फरशीखालच्या चारी फटींना तारेची जाळी लावली. तार बापटांनी ताणून धरली होती. काकूंनी त्या दिवसापासून ज्वारी बंद केली, असं नाही. पण बाल्कनीऐवजी नदीकाठी जाऊन टाकायला लागल्या.

रथसप्तमीला सूर्य वर यायच्या आधी आक्कांनी झरोक्यात तळहात धरला. सगळ्यांना दिसेल असा, बराच वेळ. मग चूल पेटवली. एकेक बाई आली. सह्या केलेल्या सात घरांतल्याही आल्या, बोळकी पदराखाली धरून. कुणी माफी मागितली नाही, आक्कांनी कुणाकडून मागितलीही नाही. फक्त प्रत्येकीला म्हणाल्या, "बोळकं पुढं आण. लांबनं दूध उतू जात न्हाई." बापटकाकूंचं दूध पूर्वेला उतू गेलं. त्यांनी वर पाहिलं. खिडकीत बापट कप घेऊन उभे होते, रुमालाशिवाय, साडेसहापासून नऊपर्यंत. धूर शोधत होते म्हणा, किंवा नसतील शोधत. नंतर त्यांचा अर्ज माझ्या फाईलीत तसाच राहिला. कुणी पुढे नेला नाही, कुणी मागेही घेतला नाही.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी माझं ऐकणं सोडलं आणि मुलीनं मला नाशिकला नेलं. मी गेल्यावर पाच महिन्यांनी गजराक्का गेल्या. झोपेत गेल्या, असं निखिलनं फोनवर सांगितलं. करारनामा पेटीच्या तळाशी तसाच घडी घातलेला सापडला, कुणीही न उघडलेला. मला रडू आलं, आणि ते आवरावं असं वाटलं नाही. आयुष्यात मी बरीच हुशार माणसं पाहिली. हातात हुकमाचं पान असून ते न टाकता खेळणारं माणूस एवढं एकच पाहिलं.

मी निघालो त्या सकाळी सामान गाडीत भरून झालं होतं. आक्कांना भेटून झालं होतं, त्यांनी वाटेसाठी चार भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला होता. गाडी मागच्या गेटनं वळली तेव्हा त्या चुलीपाशी बसल्या होत्या, तवा तापलेला. गाडीचा आवाज ऐकून उठल्या. हात हलवला नाही, तो धुराड्याकडे केला.

"मास्तर," त्या ओरडल्या, "धूर दिसतोय का?"

मी काच खाली केली आणि वर पाहिलं. फरशीखाली हवा थरथरत होती, आणि तिच्यापलीकडे बापटांची खिडकी सताड उघडी होती.

"नाही," मी म्हणालो.

"मग जावा," आक्का म्हणाल्या, आणि भाकरी उलटायला खाली बसल्या.